ताडपत्रांतला देश

ऑक्टोबर १८८०. कुंभकोणमला सेलम रामस्वामी मुदलियार हे नवे मुन्सफ बदलून आले होते. गावातल्या सरकारी कॉलेजात त्याच वर्षी नोकरीला लागलेले तमिळचे तरुण शिक्षक त्यांच्या भेटीला गेले. तमिळमध्ये काय काय वाचलंत, असं मुन्सफांनी विचारलं. शिक्षकांनी एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. अंतादी, पिळ्ळैत्तमिळ, उला, कोवै, निरनिराळ्या क्षेत्रांची स्थलपुराणं. यादी लांबत गेली तरी मुन्सफांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. या सगळ्याचा उपयोग काय, असं त्यांनी शेवटी विचारलं. याच्या आधीचं, मूळचं काही वाचलंय का? ‘जीवकचिंतामणी’? ‘शिलप्पदिकारम्’? ‘मणिमेखलै’? पुस्तकंच मिळत नाहीत, मिळाली तर वाचेन, असं शिक्षक म्हणाले.

ते शिक्षक म्हणजे उ. वे. स्वामिनाथ अय्यर. तमिळ माणूस त्यांना उ.वे.सा. म्हणतो, आणि त्याहून प्रेमानं ‘तमिळ ताता’, तमिळचे आजोबा. तेव्हा ते पंचविशीत होते. तिरुवावडुतुरैच्या शैव मठाच्या आश्रयानं राहणाऱ्या महाविद्वान मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै यांच्या पायाशी बसून त्यांनी पाच-सहा वर्षं काव्य घोकलं होतं. इतक्या शिकलेल्या माणसाला आपल्याच भाषेतल्या सर्वांत जुन्या महाकाव्यांची ओळख नसावी, यात त्यांचा दोष नव्हता. ती काव्यं जैनांची आणि बौद्धांची म्हणून शैव पाठशाळांच्या शिरस्त्यातून केव्हाच बाहेर पडली होती. कुठं कुणाच्या माळ्यावर, कुठं मठाच्या पेटाऱ्यात, ताडपत्रांच्या जुड्या होऊन ती पडून होती.

पुढच्या अठरा वर्षांत अय्यरांनी कुंभकोणममध्ये राहून ही तिन्ही काव्यं छापली आणि त्यांच्याबरोबर संघकाळातली, म्हणजे तमिळच्या सर्वांत जुन्या काव्यातली, ‘पत्तुप्पाट्टु’ आणि ‘पुरनानूरु’ ही संकलनंही. त्यातून तमिळ समाजाला स्वतःचा जो भूतकाळ मिळाला, त्यावर विसाव्या शतकात एक अख्खं राजकारण उभं राहिलं. लोकगीतांत, लोककथांत, जुन्या काव्यांत राष्ट्राचा आत्मा शोधायचा या विचाराला स्वच्छंदतावादी राष्ट्रवाद असं नाव आहे. त्याची गोष्ट बहुधा जर्मनीपासून सांगितली जाते. मला ती कावेरीकाठच्या या गावातून सांगावीशी वाटते, कारण तिच्यातल्या सगळ्या गाठी इथं जवळून दिसतात.

युरोपातला भाग थोडक्यात सांगतो. अठराव्या शतकात शिष्ट युरोप फ्रेंच बोलण्यात भूषण मानत होता. तेव्हा योहान गॉटफ्रीड हर्डर या जर्मन विचारवंतानं उलटा सूर लावला. प्रत्येक समाजाचा स्वतःचा एक स्वभाव असतो आणि तो दरबारात सापडत नाही, शेतकऱ्यांच्या, गुराख्यांच्या, दळणकांडण करणाऱ्या बायांच्या गाण्यांत सापडतो, असं तो म्हणाला. १७७८-७९ मध्ये त्यानं नाना देशांच्या लोकगीतांचा संग्रह काढला. १८१२ मध्ये ग्रिम बंधूंच्या कथा आल्या. १८३५ मध्ये एलियास ल्योनरोट या फिनलंडमधल्या डॉक्टरनं खेडोपाडी फिरून जमवलेल्या गाण्यांतून ‘कालेवाला’ हे महाकाव्य बांधलं. तिथली शिकली-सवरलेली माणसं स्वीडिश बोलत, राज्य रशियाचं, आणि फिनिश ही कुणब्यांची बोली. त्या बोलीत महाकाव्य आहे म्हटल्यावर लोकांची मान ताठ झाली. १९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला. कालेवालाच्या प्रस्तावनेवरची २८ फेब्रुवारी ही तारीख तिथं आजही साजरी होते.

या संग्राहकांचं काम दिसतं तितकं निर्मळ नव्हतं. ग्रिमांना कथा सांगणाऱ्यांत शिकलेल्या मध्यमवर्गीय मुली पुष्कळ होत्या. ल्योनरोटनं सुटी गाणी एकात एक विणली, मधले सांधे स्वतः जोडले. स्कॉटलंडच्या जेम्स मॅकफर्सननं तर ऑसियन नावाच्या प्राचीन कवीच्या नावावर आपलीच बरीचशी रचना खपवली आणि सारा युरोप तिच्या प्रेमात पडला. बोहेमियात १८१७ मध्ये व्हात्स्लाव हांका यांना चेक भाषेतल्या तेराव्या शतकातल्या वीरगाथांचं हस्तलिखित ‘सापडलं’. चेकांनी ते काळजाशी धरलं. ते बनावट आहे हे मांडण्याचं धाडस यान गेबाउर आणि टोमाश मासारिक यांनी १८८६ मध्ये केलं, तेव्हा त्यांना देशद्रोही ठरवण्यात आलं. हेच मासारिक १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

१८८६ हे साल लक्षात ठेवायचं. कुंभकोणममध्ये तेव्हा अय्यर ‘चिंतामणी’ छापायच्या खटपटीत होते.

हे गाव मराठी वाचकाला परकं नाही. आज ते डिग्री कॉफीसाठी, विड्याच्या पानांसाठी आणि पितळी भांड्यांसाठी ओळखलं जातं. दर बारा वर्षांनी महामहमच्या पर्वणीला इथल्या तळ्यात लाखोंची गर्दी होते. पण १८५५ पर्यंत हा मुलूख ज्या तंजावरशी बांधलेला होता, तिथं भोसल्यांची गादी होती. अय्यर जन्मले तेही १८५५ च्याच फेब्रुवारीत, कुंभकोणमजवळच्या उत्तमदानपुरम् इथं. त्याच वर्षी ऑक्टोबरात तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी वारले आणि व्यंकोजीराजांपासून चालत आलेलं राज्य संपलं. बडोद्याचे दिवाण म्हणून आपल्याला माहीत असलेले सर टी. माधवराव मूळचे कुंभकोणमच्याच देशस्थ घराण्यातले, १८२८ चा जन्म. १८५४ मध्ये सुरू झालेल्या इथल्या शाळेचं पुढं कॉलेज झालं आणि त्याला लोक दक्षिणेचं केंब्रिज म्हणू लागले. तमिळ, तेलुगू, मराठी, संस्कृत आणि विणकरांची सौराष्ट्री या सगळ्या भाषा या गावात रोज कानावर पडत. एका भाषेचा आत्मा शोधण्याचं काम इतक्या भाषांच्या गलबल्यात झालं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मुन्सफांनी स्वतःजवळची ‘जीवकचिंतामणी’ची नक्कल अय्यरांच्या हाती दिली. अय्यर वाचायला बसले आणि अडले. तमिळ त्यांना येत होतंच, पण पानापानावर येणाऱ्या जैन कल्पना त्यांना ठाऊक नव्हत्या. गणपतीचं नमन असेल म्हणून पहिली कडवी पाहावीत, तर तिथं सिद्धांची स्तुती. तिरुत्तक्कदेवर या जैन मुनीनं रचलेलं हे तीन हजारांहून अधिक कडव्यांचं काव्य, आणि ते समजावून सांगणारा गुरू सगळ्या पंडितमंडळींत एकही नाही.

तेव्हा ते गावातल्या जैन वस्तीत गेले. एका घराच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण होतं, आत समारंभाची लगबग. आज काय सण आहे, असं विचारल्यावर उत्तर मिळालं की घरात ‘चिंतामणी’चं वाचन चाललं होतं, त्याची आज सांगता आहे. ज्या ग्रंथाचं नावसुद्धा पाठशाळांतून पुसलं गेलं होतं, त्याचं तिथून हाकेच्या अंतरावर रीतसर पारायण होत होतं. आपल्याकडे हरिविजयाची किंवा ज्ञानेश्वरीची सांगता होते, तसंच.

हा प्रसंग अय्यरांनी ‘एन् चरित्तिरम्’ या आत्मचरित्रात सांगितला आहे. राष्ट्राचं हरवलेलं धन सापडलं, असं आपण सहज म्हणतो. पण हे धन कुणापासून हरवलं होतं? कुंभकोणमच्या जैनांपासून नव्हतं. ते त्यांच्या घरातलं नित्याचं वाचन होतं. बाकीच्या समाजानं तिकडं पाठ फिरवली होती, इतकंच. कपाळाला भस्म लावणारा, मठात वाढलेला एक स्मार्त ब्राह्मण त्या घरात विद्यार्थी होऊन बसला, जैन सिद्धांत एकेक करून विचारून घेतला, आणि १८८७ मध्ये नच्चिनार्क्किनियर यांच्या जुन्या टीकेसह ‘चिंतामणी’ छापून बाहेर आला. जैन ग्रंथासाठी एवढी खटपट करावी का, हा प्रश्न त्या काळी काहींना पडलाच. अय्यरांनी त्यापायी काम थांबवलं नाही.

ताडपत्रावरचं काम कसं असतं, हे जरा जवळून पाहायला हवं. लोखंडी लेखणीनं पानावर अक्षर कोरायचं, मग त्यावर काजळी चोळली की ओळी काळ्या होऊन दिसू लागतात. तमिळ ताडपत्रात शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हं नसतात. अक्षराचा स्वर काढून टाकणारा टिंब पान फाटू नये म्हणून कोरतच नाहीत. ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए सारखेच दिसतात, ओचंही तेच. पद्य कुठं संपलं आणि टीका कुठं सुरू झाली, हे वाचणाऱ्यानं अर्थावरून ठरवायचं. त्यात दोन-तीनशे वर्षांत पान ठिसूळ होतं, वाळवी आणि कसर वाट पाहतच असतात. म्हणून जुनी जुडी झिजली की नवी नक्कल करण्याची पद्धत होती. ज्या ग्रंथाची नक्कल करणारं कुणी उरलं नाही, तो ग्रंथ संपला.

अय्यर सुट्ट्यांत गावोगाव फिरत. बैलगाडीनं, आगगाडीनं, पायी. कविरायांच्या घराण्यांत, जमीनदारांच्या वाड्यांत, मठांत, देवळांत. करिवलम्‌वंदनल्लूरच्या देवळात त्यांना कळलं की जीर्ण झालेल्या जुड्या आगमांत सांगितल्याप्रमाणे अग्नीत आहुती म्हणून टाकल्या. आणखी कुणी सांगितलं, आडी महिन्यातल्या अठराव्या दिवशी नदीला पूर येतो तेव्हा जुन्या पोथ्या पाण्यात सोडायची आमच्याकडे चाल आहे. सोडणाऱ्यांच्या मनात पूज्यभावच होता. या दोन्ही हकिकती लिहिताना म्हाताऱ्या अय्यरांच्या शब्दांत जी तडफड आहे, ती वाचवत नाही.

‘पत्तुप्पाट्टु’तल्या ‘कुरिञ्जिप्पाट्टु’ या काव्यात डोंगरावरच्या दोन मुली फुलं वेचून खडकावर पसरतात, आणि कवी कपिलर एका दमात ९९ फुलांची नावं सांगतो. अय्यरांना मिळालेल्या प्रतींत त्या यादीतल्या काही ओळी गळलेल्या होत्या. काही फुलंच नाहीत. कवितेचा अर्थ त्यांच्यावाचून अडत नव्हता. हुशार कवीनं चार फुलांची नावं घालून छंद जुळवला असता तर कुणाला कळलंही नसतं. अय्यर मात्र मठामठांतून त्या ओळी शोधत राहिले आणि धर्मपुरम् मठातल्या एका जुडीत त्या सापडल्या. या शोधावर त्यांनी नंतर ‘गळलेली फुलं’ अशा अर्थाच्या नावानं एक सुंदर लेख लिहिला. ‘पुरनानूरु’ १८९४ मध्ये आलं. नावाप्रमाणे त्यात ४०० कविता हव्यात. २६७ आणि २६८ या क्रमांकांच्या कविता कुठंच मिळाल्या नाहीत. त्या आजही नाहीत. अनेक कवितांच्या तुटक ओळी तुटकच छापल्या आहेत, मधल्या जागी टिंबं.

प्रागमध्ये एक राष्ट्र आपल्या बनावट वीरगाथांसाठी भांडत होतं त्याच वर्षांत इथं एक शिक्षक पाठभेद जुळवत बसला होता. रिकामी जागा रिकामी दाखवण्याला मी लहान गोष्ट मानत नाही. ज्या समाजाला आपल्या थोरवीचा पुरावा हवा असतो, त्याला ती जागा भरायचा मोह सर्वांत जास्त होतो. पुढं तमिळ अस्मितेचं जे काही झालं, त्यातलं कितीही कुणाला पटो न पटो, तिच्या पायातला हा दगड खरा आहे.

आता लोकसंस्कृतीकडे वळू. ताडपत्रातलं शिष्ट काव्य आणि लोकांची गाणी यांचा काय संबंध, असं कुणी विचारील. उत्तर ‘शिलप्पदिकारम्’मध्ये आहे. १८९२ मध्ये अडियार्क्कुनल्लार यांच्या टीकेसह अय्यरांनी ते छापलं. कण्णगीची ही कथा. निरपराध नवऱ्याला, कोवलनला, मदुरेच्या राजानं चोर ठरवून मारलं, म्हणून ती पायातलं पैंजण फोडून राजाचा अन्याय सिद्ध करते आणि नगर जाळते. काव्याच्या प्रस्तावनेतच सांगितलं आहे की ही गोष्ट पहिल्यांदा संन्यासी चेर राजपुत्राच्या, म्हणजे खुद्द कवीच्या कानावर घातली ती डोंगरात राहणाऱ्या कुरवर लोकांनी. एक स्तन गमावलेली बाई वेंगैच्या झाडाखाली उभी होती आणि आमच्यादेखत स्वर्गात गेली, असं ते सांगतात. हर्डरला कित्येक शतकांनी जे म्हणायचं होतं, ते या कवीनं आपल्या काव्याच्या दारातच मांडून ठेवलं आहे. गोष्ट लोकांची, आम्ही ती ऐकली.

आणि आत तर लोकगीतांची जत्राच आहे. कोळ्यांच्या किनाऱ्यावरची गाणी. शिकारी एयिनरांच्या वस्तीत कोट्रवै देवीची पूजा, आणि तिथं एका बाईच्या अंगात येतं. मदुरेबाहेरच्या गवळवाड्यात एके सकाळी विरजण लागत नाही, लोणी कढत नाही, बैलाच्या डोळ्यांतून पाणी वाहतं, गाईंच्या गळ्यातल्या घंटा तुटून पडतात. काहीतरी अशुभ येतंय, हे ओळखून गवळणी फेर धरतात. सात जणींना सात स्वरांची नावं देऊन कृष्ण आणि पिन्नै यांचा कुरवै नाच नाचतात. नाच चालू असताना तिकडे शहरात कोवलन मारला गेलेला असतो. शेवटच्या भागात झोपाळ्यावरची गाणी आहेत, चेंडू खेळतानाची आहेत, आणि मुसळानं कांडतानाचीही. त्यात पुहार नगरीच्या मुली उसाच्या मुसळानं मोती कांडतात आणि चोळ राजाचं नाव घेतात.

जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे सांगावं लागत नाही. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या जमवल्या, पुढं हेमा राईरकर आणि गी प्वाटवँ यांनी खेडोपाडीच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. फरक इतकाच की आपल्याकडे त्या विसाव्या शतकात कागदावर आल्या, आणि तमिळमध्ये कांडपाचं गाणं पंधरा-सोळा शतकांपूर्वीच महाकाव्यात जाऊन बसलं. अर्थात तिथं ते कवीनं घडवून घेतलेलं आहे. बायांचे शब्द जसेच्या तसे त्यात असतील, असं समजायचं कारण नाही. संघकाव्याबद्दलही अभ्यासकांनी हेच तपासलं. के. कैलासपती यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात दाखवलं की ‘पुरनानूरु’तल्या कवितांची घडण पाणर नावाच्या, वाद्य घेऊन राजांच्या दारोदार फिरणाऱ्या गायकांच्या मौखिक परंपरेतली आहे.

कथा पहिल्यांदा सांगणारे ते डोंगरातले कुरवर पुढंही तमिळ रंगभूमी सोडत नाहीत. त्यांच्यातल्या भविष्य सांगणाऱ्या बाईवरून ‘कुरवंजी’ हा नाट्यप्रकार झाला. विरहिणी नायिकेच्या दारी कुरवंजी येते, आपल्या डोंगराचं वर्णन करते, हात पाहते आणि भविष्य सांगते. तंजावरच्या दरबारात तो लोकप्रिय होता. इथं आपला माणूस येतो. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणाऱ्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक आहे, आणि त्यातली कुरवंजी सांगते ते जगाचा भूगोल. खंडं, देश, सगळं गाण्यांत. डोंगरातली तमिळ बाई मराठीत जगाचा नकाशा सांगते आहे. भाषा आणि लोक यांची एकास एक जोडी लावणाऱ्या हर्डरच्या चौकटीत ही बाई मावत नाही.

अय्यरांचं काम छापून आलं आणि त्याला पाय फुटले. मिशनरी रॉबर्ट कॉल्डवेलच्या १८५६ च्या व्याकरणानं द्राविड भाषांचं कूळ वेगळं असल्याचं आधीच सांगितलं होतं. आता त्या कुळाचं प्राचीन काव्य हातात आलं. १९०६ मध्ये सरकारनं अय्यरांना महामहोपाध्याय केलं तेव्हा कवी सुब्रह्मण्य भारतींनी त्यांच्यावर कविता लिहिली. म. पो. शिवज्ञानम् यांनी ‘शिलप्पदिकारम्’ गावोगाव सांगितलं, इतकं की लोक त्यांना त्या काव्याच्या नावानंच ओळखू लागले. तमिळ देशाची उत्तर सीमा वेंकटाचा डोंगर, म्हणजे तिरुपती, असं जुन्या काव्यांत येतं. भाषावार प्रांतरचनेच्या वेळी सीमेचा वाद पेटला तेव्हा हे ताडपत्रातलं वाक्य मोर्च्यात आलं. तिरुपती आंध्रात राहिलं, तिरुत्तणी १९६० मध्ये मद्रास राज्याला मिळालं. त्याच वर्षी आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्र झाला. त्याच्या लढ्यात पोवाडा आणि छक्कड घेऊन अमर शेख, अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर उभे होते, आणि बेळगावची सल अजून ताजी आहे. म्हणून मराठी वाचकाला तिरुपतीबद्दलची तमिळ हुरहुर लगेच कळेल.

१९६८ मध्ये मुख्यमंत्री अण्णादुराईंच्या सरकारनं जागतिक तमिळ परिषदेच्या वेळी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर कण्णगीचा पुतळा उभारला, हात उंचावलेला, हातात पैंजण. पुढच्या वर्षी मद्रास राज्याचं नाव तमिळनाडू झालं. अण्णादुराई ज्या द्राविड चळवळीतून आले तिचे मूळपुरुष पेरियार यांना मात्र ‘शिलप्पदिकारम्’ मुळीच आवडत नसे. बाईला पातिव्रत्यात बांधणारं काव्य, असं त्यांचं म्हणणं. राष्ट्राची प्रतिमा म्हणून कण्णगी घ्यावी की नाही, हा वाद राष्ट्राच्या घरातलाच होता.

तसे वाद आपणही पाहिले आहेत. १८९१ मध्ये हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी जुने पोवाडे जमवून छापले. त्याच्याही आधी, १८६९ मध्ये, जोतीराव फुल्यांनी शिवाजीराजांचा पोवाडा रचला होता, तो कुळवाडीभूषण राजाचा. ‘गुलामगिरी’त तर त्यांनी खंडोबा, बळीराजा, दसऱ्याला बायका ओवाळताना म्हणतात ते बळीचं राज्य, या लोकस्मृतीतूनच वेगळा इतिहास वाचला. तमिळमध्ये हेच काम अयोत्तिदास पंडितरांनी केलं. अस्पृश्य ठरवलेले लोक हेच मूळचे तमिळ बौद्ध, असं त्यांचं प्रतिपादन. सण, ग्रामदेवता, म्हणी, सगळ्यांचा त्यांनी बौद्ध अर्थ लावला, १९०७ मध्ये ‘ओरु पैसा तमिळन’ हे पत्र काढून आठवड्यामागून आठवडे लिहिलं. त्यांचे सगळेच अर्थ आज टिकतील असं नाही. पण लोकांची गाणी हा राष्ट्राचा पाया असेल, तर त्या लोकांत आम्ही आहोत की नाही, हा त्यांचा प्रश्न अचूक होता. लोकसंस्कृती गोळा करणारे बहुधा वरच्या पायरीवरून खाली वाकून वेचतात, आणि ज्यांच्याकडून वेचलं त्यांचं नाव क्वचितच उरतं. मेरी फ्रेअरनं १८६८ मध्ये दख्खनच्या कथा छापल्या तेव्हा त्या सांगणाऱ्या ॲना लिबेराता डिसूझा या आयेचं नाव आणि तिची जीवनकहाणी पुस्तकात दिली. इतकं साधं औदार्यही त्या काळात दुर्मीळ होतं.

अय्यर स्वतः राजकारणात पडले नाहीत. १९०३ मध्ये ते चेन्नईच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले, १९४२ मध्ये वारले. त्यांना तमिळ राष्ट्रवादाचे जनक म्हणणं मला ओढूनताणून वाटतं. त्यांच्या प्रस्तावना वाचल्या तर उलट चित्र दिसतं. प्रती कुणी दिल्या, अर्थ कुणी सांगितला, पैसे कुणी पाठवले, याची ती लांबलचक आभारयादी आहे. त्यात जैन व्यापारी आहेत, शैव मठाधिपती आहेत, मुन्सफ आहेत, श्रीलंकेतले तमिळ आहेत. ‘मणिमेखलै’ हे बौद्ध महाकाव्य हाती घेतलं तेव्हा तमिळ देशात बौद्ध परंपरा सांगणारं जैनांसारखं घरच उरलं नव्हतं. मग कॉलेजातले सहकारी रंगाचार्य, एक वैष्णव पंडित, इंग्रजी ग्रंथ वाचून त्यांना बौद्ध मत समजावून सांगू लागले. पॅरिसहून ज्यूल्यँ व्हॅन्सों हे तमिळचे अभ्यासक पत्रं लिहून या ग्रंथांबद्दल विचारणा करत होते.

‘मणिमेखलै’ १८९८ मध्ये छापून झालं. त्याच वर्षी अयोत्तिदासांनी चेन्नईत शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. आणि त्याच वर्षी इकडे विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड बाहेर पडला. रुमालांत बांधून पडलेली पत्रं वाळवीच्या तोंडून काढून राजवाडे जे करत होते, ते अय्यरांहून वेगळं नव्हतं. दोघांची कधी गाठ पडली असती तर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, आणि एक ओळ अय्यर त्यांना नक्की दाखवू शकले असते. ‘मणिमेखलै’त चोळ राजाच्या उपवनातल्या मंडपाचं वर्णन आहे. तो कुणी बांधला, हे कवी नावानिशी सांगतो. मगधाचे कारागीर, अवंतीचे लोहार, यवनांचे सुतार, या सगळ्यांनी तमिळ कारागिरांशी हात मिळवून तो उभा केला. मगध आणि अवंती यांच्या मधोमध कवीनं आणखी एक नाव घेतलं आहे, मराठ देशातल्या धातुकाम करणाऱ्या कारागिरांचं.